किल्ली माझ्याकडे आहे

देशातल्या मंडळींसाठी आधी एक खुलासा. आरव्ही म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं वन बीएचके. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक पलंग, मधे जेवणाचं टेबल (रात्री त्याचाही पलंग होतो), गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन आणि उभं राहिलं की दोन्ही कोपरं भिंतींना टेकतील एवढं न्हाणीघर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते हे. फरक एवढाच की विंचवाला सांडपाण्याची टाकी रिकामी करायला लागत नाही.

जुलै २०२४ मध्ये आम्ही हे बिऱ्हाड नऊ दिवसांसाठी भाड्याने घेतलं. आम्ही म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि एकोणऐंशी वर्षांचे माझे बाबा. मिनियापोलिसहून निघायचं, मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा पार करायचं, सीमा ओलांडून कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये शिरायचं आणि बाबांना रेजायनाला दादाच्या घरी पोचवायचं. विमानाने अर्ध्या दिवसात झालं असतं. पण बाबांचे गुडघे, विमानतळावरची व्हीलचेअर आणि "मी काय अपंग आहे का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न या तिन्हीला एकत्र तोंड देण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय आयुष्यभर पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून नोकरी केलेल्या माणसाला हजार-बाराशे किलोमीटर शेती बघायला मिळणार होती. त्यांनी जन्मभर राजदूतवर बसून शेतं पाहिली. आता खिडकीत बसून, पाय पसरून पाहायची.

बाबा फेब्रुवारीत आमच्याकडे आले होते. अमेरिकेत पाहुणा म्हणून येणाऱ्याला साधारण सहा महिने राहू देतात, ते संपत आले होते. पुढचा मुक्काम दादाकडे. आई २०२२ मध्ये गेली, तेव्हापासून हे असंच चाललंय. मधेमधे मिरज. "पाळी" हा शब्द आम्ही भावंडं कटाक्षाने टाळतो, पण दुसरा शब्द सापडलेला नाही. त्यातून बाबांच्या पिढीला लेकीकडे राहायचं म्हणजे जरा अवघड. सहा महिन्यांत त्यांनी एकदाही आमचा फ्रिज स्वतःहून उघडला नाही. "दूध कुठे ठेवलंयस?" असं विचारायचे. दूध कुठे असणार?

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या बिऱ्हाडात एक पाचवा प्रवासी होता. जानेवारीत मिरजेच्या फ्लॅटमध्ये बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण कामाच्या बाई येईपर्यंत दोन तास ते फरशीवर पडून होते. फोन बाहेर टेबलावर. ही गोष्टही आम्हाला त्यांनी नाही, त्या बाईंनी सांगितली. तेव्हापासून दादाचं आणि माझं फोनवर एकच बोलणं: फ्लॅट विकून टाकावा. बाबांनी आता एकटं राहू नये. रेजायनाला सगळे एकत्र भेटलो की त्यांच्याशी बोलायचं असं ठरलं होतं. तर हा प्रश्न मिनियापोलिसपासून आमच्याबरोबर गाडीत बसून आला होता, कुणीही त्याच्याकडे न बघता.

दोन दिवस रमतगमत आम्ही नॉर्थ डाकोटातल्या मायनॉटला पोचलो. (वाटेत जेम्सटाउनला काँक्रीटचा भलामोठा गवा आहे, १९५९ सालचा. चिरंजीवांनी त्याच्या पोटाखाली उभं राहून चोवीस फोटो काढून घेतले.) आता ज्या दिवसाबद्दल लिहायचंय तो तिसरा दिवस.

सकाळी सहाला बाबांचा चहा. आरव्हीत चहा करणं ही साधना आहे. शेगडी लहान, वारा दारातून आत येतो, आणि आल्याचा तुकडा शोधायला तीन कपाटं उघडावी लागतात. प्रत्येक कपाटाला खटका, नाहीतर वळणावर डबे अंगावर येतात. तोवर नवरा बाहेर हातमोजे घालून टाक्या रिकाम्या करत होता. आधी काळं पाणी, मग करडं पाणी. म्हणजे आधी संडासाचं आणि मग बेसिन-आंघोळीचं, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. बाबा खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. म्हणाले, "जावईबापू, गोबर गॅसचा प्लँट बसवायला हरकत नाही." सहा महिन्यांतला त्यांचा जावयाशी केलेला हा पहिला विनोद. मी पोळीच्या डब्याआड हसू लपवलं.

मायनॉटहून हायवे ५२ वायव्येला जातो. गाव संपलं की प्रेअरी सुरू. प्रेअरी सपाट असते असं सगळे म्हणतात. पण बसून नीट पाहिलं तर ती सपाट नाही, ती श्वास घेते. जरा चढ, जरा उतार, आणि प्रत्येक खोलगट जागी एक छोटं तळं. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथून हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा मातीत गाडले गेलेले बर्फाचे मोठे तुकडे वितळून हे खळगे झाले. उत्तर अमेरिकेतली बरीचशी बदकं याच तळ्यांच्या पट्ट्यात पिल्लं वाढवतात. चिरंजीव बदकं मोजत होते. शंभरानंतर त्यांनी नाद सोडला.

आणि पिकं! बाबा खिडकीला चिकटले होते. पहिलं ओळखलं ते गव्हाचं. "हा बन्सी," म्हणाले. मी म्हटलं, इथे कुठला बन्सी? मग फोनवर शोधलं तर खरंच, हा भाग ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपला बन्सीच. जगभरच्या पास्त्याचा रवा यातून निघतो. पण जुलैत हिरवा गहू ही गोष्ट बाबांना काही केल्या पचेना. आपल्याकडे दिवाळीनंतर पेरायचा आणि होळीच्या सुमारास कापायचा. इथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे पेरणी मेमध्ये आणि कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात. "म्हणजे यांचं रब्बीचं पीक खरिपात येतं," असा निष्कर्ष काढून त्यांनी वहीत लिहिला. (हो, वही होती.)

मग एका चढावरून खाली उतरताना समोर मोठं निळं तळं दिसलं. जवळ गेलो तर पाणी नाहीच, फुलं. एकर-दोन एकर नव्हे, नजर जाईल तिथपर्यंत फिकट निळी फुलं. बाबा एकदम म्हणाले, "थांबव, थांबव, जवस आहे!" जवस! आपण ज्याची चटणी करतो ते. नॉर्थ डाकोटा हे अमेरिकेतलं जवसाचं सगळ्यात मोठं राज्य आहे हे मला इतकी वर्षं मिनेसोटात राहून माहीत नव्हतं. शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या तोंडाशी गाडी उभी केली. बाबा म्हणाले, सकाळीच बघून घ्या, दुपारी पाकळ्या गळतात. एकेका फुलाचं आयुष्य एका सकाळचं. दुसऱ्या दिवशी नवं. त्यांच्या लहानपणी घराच्या मळ्यात गव्हाच्या कडेने जवसाच्या ओळी असायच्या म्हणे. आता कुणी पेरत नाही.

पुढे त्याच शेतांमध्ये तारेचं कुंपण घातलेले चौकोन दिसायला लागले. आत काहीच नाही. खडी, एक-दोन खांब आणि काँक्रीटचं झाकण. नवऱ्याने सांगितलं की जमिनीखाली मिनिटमन क्षेपणास्त्रं आहेत. मायनॉटच्या हवाई तळाच्या अखत्यारीत अशी दीडशे, या पिकांमध्ये विखुरलेली. शेतकरी कुंपणाच्या कडेपर्यंत गहू पेरतो. बाबा बराच वेळ मान वळवून बघत राहिले. मग म्हणाले, "पेरलंय खरं. उगवू नये एवढंच."

केनमेअरला डॅनिश लोकांनी १९०२ मध्ये बांधलेली पवनचक्की पाहिली, तिथल्या बागेत पोळी-भाजी खाल्ली आणि अकराच्या सुमारास पोर्टल या गावी पोचलो. गाव अगदी छोटं. इकडे पोर्टल, पलीकडे नॉर्थ पोर्टल, मधे अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा. वाघा सीमेचे व्हिडिओ बघून वाढलेल्या चिरंजीवांची घोर निराशा झाली. ना भिंत, ना तारा, ना कवायत. गवतातून गेलेली एक न दिसणारी रेघ.

पण त्या रेघेचा इतिहास मजेदार आहे. १८१८ च्या कराराने ब्रिटन आणि अमेरिकेने नकाशावर ४९ वा अक्षांश धरून पट्टी ठेवली आणि रेघ मारली. जमिनीवर ती आखायला १८७२ ते १८७६ ही वर्षं लागली. दोन्ही देशांच्या तुकड्या तारे बघून अक्षांश काढत आणि मातीचे ढीग घालत रॉकी पर्वतापर्यंत गेल्या. इथे आधीपासून राहणाऱ्या लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही. गव्यांचे कळप तर इकडून तिकडे जातच होते. पुढे १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नची लढाई झाली, आणि पुढच्या वर्षी लकोटांचा नेता सिटिंग बुल आपल्या माणसांना घेऊन ही रेघ ओलांडून आला. पाठलाग करणारं अमेरिकन घोडदळ रेघेशी येऊन थांबे, पुढे पाऊल टाकत नसे. मूळ रहिवाशांनी म्हणून तिला नाव दिलं "मेडिसिन लाइन", मंतरलेली रेघ. चार वर्षं तो कॅनडात राहिला. पण गवे संपले, अन्न मिळेना, कॅनडाचं सरकार जमीन देईना. १८८१ मध्ये तो परत गेला आणि शरण आला. रेघेने जीव वाचवला, पण घर काही दिलं नाही.

आमची पाळी आली. खिडकीतून पासपोर्ट दिले. माझे, नवऱ्याचे आणि मुलाचे अमेरिकन. बाबांचा भारतीय, त्यात कॅनडाचा सुपर व्हिसा. (हा आई-वडील, आजी-आजोबांसाठी असतो. २०२२ पासून यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र वैद्यकीय विमा स्वतःचा काढावा लागतो.) मग प्रश्न. बंदूक? नाही. दारू, तंबाखू? नाही. गांजा? नाही. (कॅनडात २०१८ पासून कायदेशीर आहे, पण सीमेवरून इकडचा तिकडे नेता येत नाही.) जळाऊ लाकूड? नाही, ते मायनॉटलाच शेजारच्या तंबूवाल्यांना दिलं होतं. लाकडातून किडी येतात म्हणून बंदी आहे. खाण्याचे पदार्थ? इथे मी यादी वाचायला लागले आणि जवसाच्या चटणीपाशी अडखळले. मागून बाबांनी मोठ्याने सांगितलं, "फ्लॅक्स सीड! यू आर ग्रोइंग इट आउटसाइड!" अधिकारी हसला. पण बाबांच्या व्हिसाचे कागद बघायला आत ऑफिसात जा म्हणाला.

आत काउंटरवर एक तरुण अधिकारी बाई होत्या. शांत, सभ्य. दादाचं निमंत्रणपत्र, विम्याचे कागद, सगळं त्यांनी नीट वाचलं. मग माझ्याकडे न बघता थेट बाबांना विचारलं, किती दिवस राहणार? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हात किंचित वर केला. म्हणजे, त्यांनाच बोलू दे.

बाबा पंचायत समितीच्या इंग्रजीत म्हणाले, "अजून ठरलेलं नाही."

माझ्या पोटात गोळा.

"तुमचं घर कुठे आहे?"

"मिरज. डिस्ट्रिक्ट सांगली. महाराष्ट्र."

"तिथे आता कोण राहतं?"

"कोणी नाही. कुलूप आहे." आणि मग बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली. मला कळेना हे काय चाललंय. बंडीच्या आतल्या खिशाला लावलेली सेफ्टी पिन त्यांनी सोडवली, आणि काउंटरवर नवतालच्या कुलपाची लांब किल्ली ठेवली. "किल्ली माझ्याकडे आहे."

सहा महिने माझ्या घरात ती किल्ली त्या खिशात होती. बंड्या मीच धूत होते. म्हणजे ते रोज ती काढून दुसऱ्या बंडीला लावत असणार. मला पत्ता नव्हता.

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. हात लावला नाही. "म्हणजे तुम्ही परत जाणार?"

"मी नाही गेलो तर कुलूप कोण उघडणार?"

शिक्का बसला. दहा मिनिटांत आम्ही बाहेर. "मुलाकडे छान राहा," असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, किल्ली परत पिनेला अडकवली आणि गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले. जणू काही घडलंच नाही.

माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. सीमेवरचा तो प्रश्न काही भावनेने विचारलेला नसतो. कायद्याचा असतो. पाहुणा म्हणून आत घेताना त्यांना खात्री हवी असते की या माणसाला परत जायला जागा आहे. ज्याला परत जायला जागा नाही तो त्यांच्या लेखी पाहुणा नाही. त्याचं नाव दुसरं, रांग दुसरी, कागद दुसरे. एरवी मी याला नोकरशाही म्हणून नाकं मुरडली असती. पण त्या दिवशी वाटलं, यात घरगुती शहाणपणच आहे की. पाहुणा व्हायला आधी स्वतःचं घर असावं लागतं. मिरजेचा फ्लॅट आहे तोवर बाबा माझ्याकडे "आलेले" असतात आणि दादाकडे "जाणार" असतात. तो विकला की ते कुठूनच आलेले नसतील. फ्रिज न उघडणारा माणूस मग काय करेल?

आणि तरी तो न्हाणीघरातला जानेवारी होताच. दोन तास फरशीवर. किल्लीने त्याचं उत्तर मिळत नव्हतं.

सीमा ओलांडली की सगळ्यात आधी बदलतात ती मापं. मैलांचे किलोमीटर, गॅलनचे लिटर, फॅरनहाइटचे सेल्सियस. बाबांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "सव्वीस डिग्री! आता कळलं किती ऊन आहे ते." आणि बदललं घड्याळ. सस्कॅचवान उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, बारा महिने एकच वेळ. म्हणून मायनॉटहून इथे आलं की जुलैत एक तास मागे. आम्हाला फुकटचा तास मिळाला. बाबांच्या मनगटावरचं एचएमटी मात्र कायम भारताच्या वेळेवर असतं. ते मिनियापोलिसला रोज मनात दीड तास मिळवायचे. चिरंजीवांनी हिशेब केला: सस्कॅचवान आणि भारत यांच्यात साडेअकरा तासांचा फरक. म्हणजे तबकडीवर फक्त अर्धा तास. "आजोबा, आता फक्त हाफ अवर मिळवायचा!" बाबांना हे फारच पसंत पडलं. "बघ, जवळ आलो."

हायवे ३९ वर एस्टेव्हन लागलं. लिग्नाइट कोळशाच्या खाणींचं गाव. सप्टेंबर १९३१ मध्ये इथे संपावरच्या खाणकामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, तीन कामगार मेले. मग वेबर्न. इथल्या चर्चमध्ये १९३० पासून टॉमी डग्लस नावाचा तरुण धर्मोपदेशक होता. मंदीत आणि दुष्काळात माणसांचे हाल पाहून तो राजकारणात शिरला. पुढे १९४४ ते १९६१ सस्कॅचवानचा प्रीमियर झाला. सरकारने सगळ्यांच्या डॉक्टरांचा खर्च उचलायचा ही त्याने रेटलेली योजना १ जुलै १९६२ ला इथे सुरू झाली. त्या दिवशी डॉक्टर संपावर गेले, तेवीस दिवस. पण योजना टिकली आणि मग सगळ्या कॅनडाने उचलली. विम्याचे कागद मांडीवर घेऊन बसलेल्या मला त्या गावाबद्दल जरा जास्तच आदर वाटला.

वेबर्नच्या पुढे मात्र प्रेअरीचा श्वास थांबतो आणि ती खरोखर सपाट होते. रेघ मारल्यासारखी. पिवळीधमक कनोला (आपल्या मोहरीची बहीण, कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तयार केलेली) आणि मधेच गुडघ्याच्याही खाली असलेलं फिकट हिरवं पीक. बाबा म्हणाले, "मसूर." सस्कॅचवानची मसूर जगभर जाते, भारतातही भरपूर येते. आपण मिरजेत जी आमटी खात होतो तिच्यातली काही इथून आली असेल, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याआधी डाळ जाऊन आली."

कोरीन नावाच्या छोट्या वस्तीपाशी रस्ता उत्तरेला रेजायनाकडे वळतो. तिथे थांबलो. आदल्या दिवशी पाऊस झाला असावा, रस्त्याकडेच्या चरात चिखल होता. आम्ही पाय मोकळे करत होतो तेवढ्यात बाबा काठी टेकत चरापाशी गेले आणि वाकून त्यांनी मूठभर चिखल उचलला. मी ओरडणार होते. नवऱ्याने थांबवलं.

त्यांनी तो चिखल दोन्ही तळव्यांत वळला. लांब वळी केली, शेवेच्या जाडीची. मग ती वाकवून टोकाला टोक जोडलं. बांगडी तयार. कुठेही तडा नाही. "चिकणमाती ओळखायची ही रीत," नातवाला दाखवत म्हणाले. "रेताड असेल तर बांगडी होत नाही, मोडते. ही आपली काळीच. माँटमोरिलोनाइट!" तो शब्द त्यांनी असा काही उच्चारला की जणू शाळेतला मित्र भेटला. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली. ही एका प्राचीन हिमतलावाच्या तळाचा गाळ. कुळी वेगळी, स्वभाव मात्र तोच. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पावसाळ्यात चाकाला चिकटून बसते.

"दादाच्या तळघराच्या भिंतीला तडा गेलाय म्हणत होता ना तो? या मातीमुळे. रेजायना सगळं यावरच असणार. घर चुकीचं बांधलेलं नाही. जमीनच हलती आहे. पाया खोल घ्यायला लागतो, आणि घराभोवती पाणी साठू द्यायचं नाही. कायम थोडी काळजी घेत राहायची. घर सोडून जायची गरज नसते."

ते फक्त तळघराबद्दल बोलत होते का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

दादाच्या घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन चार वाजल्यासारखं होतं. वहिनीने झुणका-भाकरी केली होती. जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात बसलो. दादानेच विषय काढला. शांतपणे, नीट. न्हाणीघर, वय, एकटेपणा, आमची भीती. एकही शब्द खोटा नव्हता. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. एकटा राहणार नाही. न्हाणीघरात दांडे बसवून घेतो. पुढची खोली मेडिकल कॉलेजच्या पोराला देतो, भाडं कमी घेतो, रात्री घरात माणूस हवं. फोन गळ्यात अडकवतो. पण ऑक्टोबरात मला तिकीट काढून द्या. उन्हाळा तुमच्याकडे, थंडी मिरजेत. फ्लॅट मी असेपर्यंत राहू दे. मग विका."

दादा काही बोलला नाही. उठून आत गेला. बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं रागावला. मग तो टॉर्च घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, तळघराचा तडा बघता का जरा?" दोघं जिना उतरून खाली गेले.

बाबा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिरजेला गेले. पुढच्या खोलीत मेडिकलचा एक विद्यार्थी राहतो, लातूरकडचा. तो यांना शुगर तपासायला लावतो आणि हे त्याला सकाळी उठवतात. काळजी संपलेली नाही. रात्री-अपरात्री मिरजेचा नंबर दिसला की अजूनही छातीत धस्स होतं. पण बहुतेक वेळा तिकडून बाबांचा आवाज येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "तुझ्याकडे किती वाजले ते सांगू नकोस, मी सांगतो." हिवाळ्यात ते अर्धा तास मिळवतात, उन्हाळ्यात माझ्यासाठी दीड. दादाला बारा महिने अर्धाच. हिशेब कधी चुकत नाही.